लॅपटॉपचा ताबा गिऱ्हाइकाला द्या : विक्रेत्यांना खुले पत्र

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्याच्या दुकानापर्यंत, लॅपटॉप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,



मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. माझे काम प्रयोगशाळेतल्या यंत्रांपुरते आहे, पण घरचा लॅपटॉप उघडेनासा झाला की मुले तो माझ्या टेबलावर आणून ठेवतात. त्यांच्या मागोमाग शिक्षक येतात, बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताई येतात, निवृत्त झालेले काका येतात. लॅपटॉपची स्क्रीन चांगली असते, कीबोर्ड चांगला असतो, बॅटरीही टिकते. फक्त मालकाला आत जाता येत नाही. अशा लॅपटॉपांबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे, कारण यातल्या कितीतरी अडचणींचे बी लॅपटॉप विकला गेला त्याच दिवशी पेरलेले असते.

माझी विनंती सुरुवातीलाच सांगते. नव्या लॅपटॉपमधले पहिले खाते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. आणि त्या लॅपटॉपची ४८ अंकांची रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडणारी किल्ली, कागदावर छापून बिलासोबत त्याच्या हातात द्या. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डर किल्ल्यांचा जुडगा स्वतःकडे ठेवून घेत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र नेमके तेच होत आहे, आणि बहुतेक वेळा ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

काउंटरवर काय घडते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत सुरुवातीचा सेटअप करताना इंटरनेट लागते आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. गिऱ्हाईक म्हणते, "मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच करून द्या." मागे आणखी तिघे उभे असतात. मग दुकानातला मुलगा दुकानाचाच ईमेल टाकतो, किंवा तिथल्या तिथे नवा ईमेल तयार करतो, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर घेतो आणि चार अंकी पिन ठेवून देतो. "पिन लिहून दिलाय, नंतर बदला," एवढे सांगून पिशवी हातात दिली जाते. गिऱ्हाईक आनंदाने घरी जाते. पुढे वर्ष-दोन वर्षे सगळे सुरळीत चालते, कारण रोज फक्त पिन लागतो.

पण पिन ही त्या लॅपटॉपपुरती गोष्ट आहे. तो त्याच यंत्रात राहतो आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालत नाही. खरी मालकी खात्याची असते. खाते ज्याच्या ईमेलवर आणि मोबाइलवर, पासवर्ड बदलण्याचा अधिकार त्याचा. दुकानातला तो मुलगा नोकरी सोडून गेला, त्याने सिम बदलले, तर खात्याकडे जाणारा रस्ताच बंद होतो. मोबाइल नंबर बंद झाल्यावर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. खात्याची सगळी जुनी सुरक्षा माहिती काढून नवी भरायची म्हटली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. ज्याला उद्या सकाळी प्रकल्प अहवाल द्यायचा आहे, त्याच्यासाठी हे ३० दिवस फार मोठे असतात.

याहून गंभीर गोष्ट लॅपटॉपच्या डिस्कमध्ये घडते. बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारे तंत्र विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आपल्याकडे आहे. पूर्वी ते बहुतांशी कार्यालयांतल्या यंत्रांवर मुद्दाम सुरू केले जाई. आता डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते होम आवृत्तीतही आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या, त्यामुळे आणखी कितीतरी नव्या लॅपटॉपांत ते आपोआप सुरू होते. मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिले साइन-इन झाले की संरक्षण लागू होते आणि ४८ अंकांची रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. पहिले साइन-इन दुकानाच्या खात्याने झाले असेल, तर ती की दुकानाच्या खात्यात जाते. गिऱ्हाइकाने नंतर घरी स्वतःचे खाते जोडले, तरी आधीची की आपोआप त्याच्याकडे येत नाही.

मग एके दिवशी निळी स्क्रीन येते आणि इंग्रजीत रिकव्हरी की मागते. सहा-सहा अंकांचे आठ गट भरायचे असतात. हे होण्याची कारणे पुष्कळ आहेत. मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झाला, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, टीपीएम ही सुरक्षेची चिप रिकामी केली, यांपैकी काहीही झाले की यंत्राला आपले जुने रूप ओळखू येत नाही आणि ते की मागते. कधी मालकाने हातही लावलेला नसतो. ९ जुलै २०२४ च्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर काही लॅपटॉप असेच या स्क्रीनवर जाऊन थांबले होते. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. म्हणून कुणी मूल काकुळतीने म्हणाले, "मी काहीच केलं नाही," तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

त्याच महिन्यात, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ती यंत्रे पूर्वपदावर आणताना ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने बंद होत्या, त्यांच्यासाठी प्रत्येक यंत्राची वेगळी की शोधावी लागली. पगारी तंत्रज्ञ असलेल्या मोठ्या कंपन्यांचीही इथे दमछाक झाली. आपल्या गावातल्या शिक्षिकेने किंवा विद्यार्थ्याने ती की कुठून आणावी?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी असाच बंद लॅपटॉप घेऊन आली होती. तिच्या स्वतःच्या खात्यात फोनवरून पाहिले, तर तिथे एकही की नव्हती. विकताना दुकानाने उघडलेले खाते कुणाचे, हे दुकानात कुणालाच आठवत नव्हते. ज्या मुलाने सेटअप केला तो गाव सोडून गेला होता. तिच्या तीन वर्षांच्या नोंदी आणि वारलेल्या वडिलांचे फोटो त्या डिस्कवर होते, आजही आहेत, आणि ते कुणालाही उघडता येणार नाहीत. हरवलेली की मायक्रोसॉफ्टही पुन्हा तयार करून देऊ शकत नाही. पूर्वी पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून पासवर्ड पुसण्याच्या युक्त्या चालत. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर त्यांतली एकही चालत नाही.

माझा विरोध एन्क्रिप्शनला आहे असे कृपया समजू नका. लॅपटॉपमध्ये आज आधारची प्रत असते, पासबुकाचे फोटो असतात, घरच्यांचे आजारपणाचे कागद असतात. एसटीत किंवा लोकलमध्ये पिशवी चोरीला गेली तर डिस्क वाचता न येणे हीच मालकाची सुरक्षितता आहे. संरक्षण हवेच. फक्त त्याची की मालकाजवळ हवी, आणि अशी की असते हे त्याला पहिल्या दिवशी कळायला हवे.

आता दुरुस्ती करणाऱ्यांसाठी थोडे. "लॉगिन होत नाही" असे म्हणत लॅपटॉप आला की तो नेमका कुठे अडला आहे हे आधी पाहा. अडण्याच्या जागा चार आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच पासवर्ड मागितला, तर तो बायोसचा पासवर्ड आहे. त्याला विंडोजचे खाते उघडू शकत नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत आतली छोटी बॅटरी काढूनही तो जात नाही. निर्माता कंपनी मदत करते, पण खरेदीचा पुरावा मागते. म्हणून बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहिणे अगदी आवश्यक आहे. नुसते "लॅपटॉप, नग १" असे बिल अशा वेळी उपयोगी पडत नाही.

निळी स्क्रीन रिकव्हरी की मागत असेल, तर तिच्यावर की आयडी दिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरे लिहून घ्या. गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन तोच आयडी असलेली की शोधायला सांगा. २४एच२ आवृत्तीपासून ती की कोणत्या खात्यात आहे याचा इशाराही त्या स्क्रीनवर मिळतो. घरात दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकात पाहा. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या खात्याने साइन-इन झाले असेल, तर की तिथल्या व्यवस्थापकाकडे असू शकते. अंक भरताना घाई नको. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो अशी त्या संख्येची रचना आहे, त्यामुळे एखादा अंक चुकला की यंत्र त्याच गटावर थांबवते.

की न मागता नेहमीची साइन-इन स्क्रीन आली आणि पिन किंवा पासवर्ड चुकीचा ठरू लागला, तर अडचण बहुधा किरकोळ असते. आपल्याकडे एक कारण वारंवार दिसते. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडलेला असतो, तो साइन-इन स्क्रीनवरही चालू राहतो, आणि इंग्रजी पासवर्डाच्या जागी देवनागरी अक्षरे उमटतात. ठिपक्यांमुळे ते दिसत नाही. कोपऱ्यातली भाषा बदला, पासवर्डाच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे पाहा, कॅप्स लॉक आणि नम लॉक तपासा. एखादी कळ बिघडली असेल तर ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड काढा. पिन चालत नसेल तर साइन-इन ऑप्शन्समधून खात्याचा पासवर्ड वापरून पाहा. फोनवरून पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉप त्याच स्क्रीनवरून वायफायला जोडा. इंटरनेट नसेल तर नवा पासवर्ड त्याला माहीतच नसतो. खाते त्या यंत्रापुरतेच असेल, तर ते उघडताना दिलेली तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरे पासवर्ड बदलून देतात.

चौथ्या प्रकारात पासवर्ड बरोबर असतो, लॅपटॉप आतही घेतो, पण डेस्कटॉप कोरा दिसतो आणि तात्पुरत्या प्रोफाइलची सूचना येते. मालकाला वाटते की सगळे गेले. बहुतेक वेळा फायली जागच्या जागी असतात, फक्त प्रोफाइल उघडलेली नसते. अशा वेळी त्या डेस्कटॉपवर काहीही नवे साठवू देऊ नका, कारण साइन-आउट होताच ते पुसले जाते. आधी यंत्र पुन्हा सुरू करा. मग डिस्क भरली आहे का ते पाहा. गरज पडली तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये जा.

या चारही ठिकाणी एक शब्द सर्वांत शेवटी यावा, तो म्हणजे फॉरमॅट. "फॉरमॅट मारून देतो, तासाभरात चालू," हे वाक्य काउंटरवर फार सहज म्हटले जाते. लॅपटॉप चालू होतो हे खरे, पण त्यातले माणसाचे आयुष्य पुसले जाते. फॉरमॅटपूर्वी आत काय काय आहे हे विचारा, बॅकअप आहे का ते विचारा, आणि डेटा कायमचा जाईल हे मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगून त्याची सही घ्या. त्यातून गिऱ्हाइकाचे रक्षण होते आणि तुमचेही. बायोस अपडेट करण्यापूर्वी किंवा मदरबोर्ड बदलण्यापूर्वी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते थांबवता येते. ते थांबवा, आणि की हाताशी आहे याची खात्री केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका लॅपटॉपमागे सुटणारे पैसे थोडे असतात, ऑनलाइन भावाशी स्पर्धा असते, दसऱ्याला आणि जूनमधल्या प्रवेशांच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एकेका गिऱ्हाइकाजवळ बसून ईमेल उघडायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण दुसरी बाजूही पाहा. ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप खोक्यातून येतो आणि त्याच्यासोबत कुणी माणूस येत नाही. समोर बसून मराठीत समजावणे ही गोष्ट फक्त तुम्हीच देऊ शकता. ज्या दुकानाने असे समजावून सांगितले, त्या दुकानात ते कुटुंब पुढचा लॅपटॉपही घेते. आणि गर्दीच्या दिवशी वेळ नसेल, तर गिऱ्हाइकाला दोन दिवसांनी दुपारी बोलवा. सेटअप दोन दिवस उशिरा झाला तरी त्यात त्याचे काही बिघडत नाही.

मराठीचा आग्रह मी धरते त्यालाही कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एक तत्त्व मान्य केले आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळायला हवा. आपण कशाला होकार देतो आहोत हे माणसाला आपल्या भाषेत कळावे, हा त्यामागचा विचार आहे. लॅपटॉपच्या पहिल्या सेटअपमध्ये गिऱ्हाईक लागोपाठ होकार देत असते आणि प्रत्यक्षात बटण तुमचे बोट दाबते. तिथे त्याला मराठीत सांगणारे तुमच्याशिवाय दुसरे कुणी नसते.

म्हणून मी या गोष्टी मागते आहे :

१. खाते गिऱ्हाइकाच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइलवर उघडा. ओटीपी त्याच्याच फोनवर येऊ द्या. पासवर्ड त्याला स्वतः टाइप करू द्या आणि तुम्ही नजर दुसरीकडे वळवा.

२. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का ते त्याला दाखवा. सुरू असेल तर रिकव्हरी की छापून द्या. तिची प्रत दुकानात ठेवू नका आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

३. तो कागद घरी, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. लॅपटॉपच्या पिशवीत तर मुळीच नको, कारण चोराला मग दोन्ही एकदमच मिळतात.

४. खात्यात दुसरा ईमेल किंवा घरातल्या विश्वासू व्यक्तीचा नंबर जोडून द्या. नंबर बदलण्यापूर्वी तो खात्यात बदलायचा असतो, हेही सांगा.

५. जुना लॅपटॉप विकत घेताना आधीच्या मालकाला आपल्या खात्यातून तो काढून टाकायला लावा. ॲपलच्या यंत्रावर ॲक्टिव्हेशन लॉक राहिला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला ते यंत्र वापरताच येत नाही.

६. अडचण आल्यावर इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही कस्टमर केअर नंबरवर फोन करू नका, असे प्रत्येकाला बजावा. घाबरलेल्या माणसाला रिमोट ॲप टाकायला लावून बँक खाते रिकामे करणारे लोक अशाच क्षणाची वाट पाहतात. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची असते, हेही त्याला सांगून ठेवा.

आणि जे लॅपटॉप तुम्ही याआधीच दुकानाच्या खात्यावर सुरू करून दिले आहेत, त्यांचेही काही करता येईल. त्या खात्यांत आजच जाऊन पाहा. तिथे ज्या यंत्रांच्या की दिसतील, त्यांची बिलांशी जुळणी करा, गिऱ्हाइकांना फोन करा आणि लॅपटॉप घेऊन बोलवा. त्यांचे स्वतःचे खाते जोडा, की छापून द्या, मगच दुकानाचे खाते काढा. ज्यांचा लॅपटॉप अजून व्यवस्थित चालू आहे, त्यांच्यासाठी ही वेळ उत्तम आहे. निळी स्क्रीन आल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसते.

गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदाचा मराठी मजकूर मी तयार करून देईन. त्यावर खात्याचा ईमेल, जोडलेला मोबाइल नंबर, सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि ४८ अंकांसाठी आठ चौकटी असतील. पासवर्डासाठी जागा मुद्दाम ठेवलेली नसेल. तो छापताना माझे नाव किंवा महाविद्यालयाचे नाव घालायची गरज नाही. तुमच्या दुकानाचे नाव घाला आणि पहिला कागद पुढच्या गिऱ्हाइकाला द्या.

आपली,
तालुक्याच्या महाविद्यालयातील एक प्रयोगशाळा सहायक